दार आतून उघडलंत, आता बाकीचंही उघडा : घरगुती यंत्रं आखणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, ड्रायर आणि डिशवॉशर यांचे आराखडे करणाऱ्या सर्व अभियंत्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमचं काम मी रोज हाताळतो. तुमच्या हातून निघतं तेव्हा ते नवं कोरं असतं. माझ्यापर्यंत येईतो दारावर स्टिकर खरवडल्याचे डाग असतात, दाराच्या रबरी पट्टीच्या, म्हणजे गॅसकेटच्या, घडीत काळी बुरशी असते आणि आतून असा वास येतो की दार उघडण्याआधी श्वास रोखून धरावा लागतो. बरीच वर्षं मी ही यंत्रं दुरुस्त करत होतो. आता ती सुटी करतो. दुरुस्तीच्या काळात तुम्ही लपवलेला शेवटचा स्क्रू सापडेपर्यंत मी जमिनीवर बसून राहायचो. आता सापडला नाही तरी अडत नाही, छिन्नी असते. पण छिन्नी चालवावी लागली की आतला माल वाया जातो, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

तुम्हालाच का लिहितोय तेही सांगतो. जुनं यंत्र कसं टाकावं याबद्दल ग्राहकाला सगळेच उपदेश करतात. मीही करतो. नवं घेताना जुनं कुठे जाणार ते विचारा, नेणाऱ्याकडून पावती घ्या, फ्रिज ओढत नेताना मागची नळी चेपू देऊ नका, कॉम्प्रेसर वेगळा काढून विकू नका. हे सगळं बरोबरच आहे. पण सत्तर किलोचं बंद पडलेलं धूड दारात उभं करून बसलेल्या माणसाच्या हातात खरं तर फार थोडं असतं. ते धूड नीट सुटं होणार की फुटणार, त्यातला वायू पकडता येणार की हवेत जाणार, एक बेअरिंग बदलून ते आणखी काही वर्षं चाललं असतं की नाही, हे त्याने ते विकत घेण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. तुमच्या पडद्यावर.

तुमच्याच व्यवसायातली एक जुनी गोष्ट आहे. तुमच्यातल्या तरुणांना ती माहीत असेलच असं नाही. एके काळी फ्रिजच्या दाराला खटका असायचा. बाहेरचा दांडा ओढल्याशिवाय दार उघडत नसे आणि आतून उघडायची सोयच नव्हती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण फ्रिजच्या आत जाणार कोण? पण टाकून दिलेल्या, रिकाम्या फ्रिजच्या आत मुलं जात. लपाछपीला त्याहून चांगली जागा कुठली? दार मागे खटकन बसायचं. ती हवाबंद पेटी आतली हाकही बाहेर येऊ द्यायची नाही. अशा मृत्यूंमुळे अमेरिकेत 1956 साली फ्रिजच्या दारासाठी खास कायदा झाला आणि 1958 च्या अखेरीपासून बनणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे असं बंधन आलं. आज ज्या चुंबकाच्या पट्टीवर दार हलकेच चिकटून बसतं, ती पट्टी खटक्याच्या जागी त्यानंतर सगळीकडे रुळली.

मी ही गोष्ट नव्या मुलांना आवर्जून सांगतो. त्या फ्रिजचं काम संपलेलं होतं, प्लग उपटलेला होता, मालक पाठ फिरवून गेलेला होता. विक्रीच्या हिशेबात तो कधीच जमा होऊन विसरला गेला होता. तरीही त्या मेलेल्या यंत्राने कसं वागावं याची जबाबदारी आखणाऱ्यावर आली, आणि आखणाऱ्याने ती पेलली. दार बिघडलं का? नाही. उलट झिजणारा, अडकणारा एक सुटा भाग कमी झाला. म्हणजे हे तुम्हाला जमतं. एकदा जमलेलं आहे.

मग बाकीचं यंत्र अजून आतून बंद का?

फोमपासून सुरुवात करतो, कारण माझे सगळ्यात जास्त तास त्यातच जातात. फ्रिजचा बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लास्टिक यांच्यामधल्या पोकळीत तुम्ही पॉलियुरेथेन, म्हणजेच हा फोम, ओतता. ते फुगतं, कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं आणि दोन्ही भिंतींना चिकटून बसतं. थंडावा धरून ठेवणं आणि सांगाड्याला बळकटी देणं, दोन्ही कामं एका ओतण्यात होतात. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. पण पंधरा वर्षांनी त्याच चिकटण्यामुळे पत्रा, फोम आणि प्लास्टिक हाताने वेगळं करता येत नाही. अख्खं कपाटच दळावं लागतं.

आणि दळायचं म्हणजे कुठेही, कसंही नाही. फ्रिजमधला वायू म्हटलं की सगळ्यांची नजर कॉम्प्रेसरकडे जाते. जुन्या फ्रिजांमध्ये नळ्यांत थंड करणारा वायू म्हणून आर-12 असायचा आणि फोम फुगवायला त्याच जातीचा आर-11 वापरलेला असायचा. फोमच्या बारीक बारीक पेशींमध्ये अडकलेला हा दुसरा साठा नळ्यांतल्या साठ्यापेक्षा मोठा असतो. फोम तोडला, चुरडला की तो निसटतो, आवाज नाही, वास नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-12 हा कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 10,900 पट उष्णता धरतो. तो नळीतून शंभर ग्रॅम जरी सुटला तरी एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर वजन.

म्हणून नीट चालवलेल्या कारखान्यात फ्रिजचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी नळ्यांतला वायू आणि कॉम्प्रेसरमधलं तेल एकत्र ओढून घेतात, मग तेल तापवून त्यात विरघळलेला वायूही वेगळा काढतात. हे तेल लोक विसरतात. वायू गेला असं समजून कॉम्प्रेसर कापतात आणि उरलेला तेव्हा जातो. दुसऱ्या टप्प्यात उरलेलं कपाट बंदिस्त यंत्रात दळतात, फोमची पूड वेगळी होते आणि त्यातून निघालेला वायू अतिथंड करून द्रवरूपात पकडतात किंवा सक्रिय कोळशात शोषून घेतात. पुढे लोखंड चुंबकाने, तांबं-ॲल्युमिनियम विद्युत् भोवऱ्याच्या (चुंबकी धक्क्याने धातू बाजूला उडवणाऱ्या) पट्ट्यावर आणि प्लास्टिक पाण्यात तरंगवून वेगळं होतं. एवढा खटाटोप कशासाठी? तर आखताना चिकटवलेलं सोडवण्यासाठी.

इथे मला स्वतःचीही एक गोष्ट कबूल करायची आहे. दुरुस्तीच्या पहिल्या वर्षांत मीही वायू हवेत सोडला आहे. नळी कापायची, तोंड बाजूला करायचं, फुस्स आवाज संपेपर्यंत थांबायचं आणि कामाला लागायचं. आम्हाला शिकवणाऱ्याने तसंच शिकवलं होतं, त्यालाही कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच सांगितलं होतं की हे वायू वर जाऊन ओझोन खातात. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगासमोर आलं, 1987 मध्ये असे वायू आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला. आमच्या पान्यांच्या पेटीपर्यंत ही बातमी यायला मात्र फार वेळ लागला. किती फ्रिजांचा वायू मी असा सोडला ते मोजलेलं नाही. मोजायचं धाडस नाही, असं म्हणा.

तुम्ही वायू बदललेत, याचं श्रेय तुम्हाला देतो. आर-12 गेला, आर-134ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट आहे. म्हणून 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला माँट्रियल करारातच दुरुस्ती करून त्या जातीच्या वायूंनाही हळूहळू कमी करायचं ठरलं. दरम्यान 1993 मध्ये जर्मनीत ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या पुढाकाराने फोरोन नावाच्या कारखान्याने प्रोपेन आणि आयसोब्युटेनच्या मिश्रणावर चालणारा घरगुती फ्रिज बाजारात आणला, आणि आज घरगुती फ्रिजांत त्यातलाच आयसोब्युटेन, म्हणजे आर-600ए, मोठ्या प्रमाणावर भरला जातो. हवामानाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपद्रवी. फोममध्येही आता सायक्लोपेंटेन असतं. दोन्ही पेट घेतात, एवढीच अडचण. म्हणून दळण्याच्या यंत्रात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हटवावा लागतो, नाहीतर एक ठिणगी पुरते.

आता माझ्या टेबलाशी या. समोर पांढरा फ्रिज उभा आहे. आत आर-12 आहे की आर-134ए की आर-600ए? फोममध्ये आर-11 आहे की पेंटेन? पहिल्याला नीट पकडायचं आहे, दुसऱ्यापासून स्वतःला वाचवायचं आहे. उत्तर एका चिठ्ठीवर आहे. ती चिठ्ठी तुम्ही मागच्या बाजूला, तापणाऱ्या जाळीजवळ, कागदाच्या स्टिकरवर छापली होतीत. ती वाळून गळून पडली, किंवा तिच्यावरची शाई उडाली. कॉम्प्रेसरवरची चिठ्ठी तेल आणि धुळीत बुडाली आहे. दाराच्या पुढच्या बाजूला मात्र कंपनीचं नाव धातूच्या उठावदार अक्षरांत आजही नव्यासारखं चमकतं आहे.

माझी पहिली मागणी एवढी साधी आहे की लिहायला संकोच वाटतो. वायूचं नाव, त्याचं वजन आणि फोममध्ये काय वापरलं ते पत्र्यावर ठोकून उमटवा. तीन ओळी. साचा एकदाच करायचा. ब्रँडचं नाव जितकी वर्षं टिकतं तितकी वर्षं हे टिकलं पाहिजे.

दुसरी मागणी नळीची. एसीला वायू काढा-भरायला झडप असते, घरगुती फ्रिजला नसते. वायू भरून झाला की भरण्याची नळी चेपून तिचं तोंड ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूने, बंद करून टाकता. तुम्ही म्हणाल, प्रत्येक झडप म्हणजे गळतीची जागा. खरं आहे, गळतीमागे धावण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. झडप नको. पण ती नळी आणखी दोन बोटं लांब ठेवा आणि तिचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवा. आज ती कॉम्प्रेसरच्या मागे, भिंतीच्या बाजूला, इतकी आखूड असते की नळी टोचून वायू काढायच्या पकडीचा जबडाच तिच्यावर बसत नाही. दोन बोटं तांब्याची नळी. एवढ्यासाठी वायू हवेत जातो.

आता वॉशिंग मशीन. पुढून दार असलेल्या मशिनचं बेअरिंग गेलं की सुकवणीच्या वेळी विमान उडाल्यासारखा आवाज येतो. बेअरिंग आणि त्याच्यापुढचं सील, दोन्ही माझ्या मुठीत मावतात. पूर्वी टबाचे दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले असायचे. बोल्ट सोडवा, ड्रम बाहेर काढा, जुनं बेअरिंग ठोकून काढा, नवं बसवा. दुपारभराचं काम. आता बऱ्याच मॉडेलांत तुम्ही हे दोन भाग वितळवून कायमचे जोडता. टब उघडतच नाही. बेअरिंग बदलायचं तर टब, ड्रम, स्पायडर सगळं एकसंध घ्यावं लागतं, आणि त्याचा खर्च ऐकून ग्राहक नवीन मशीनच घेऊन येतो. मग मोटर चांगली, इलेक्ट्रॉनिक कार्ड चांगलं, पंप चांगला, दार चांगलं असं मशीन माझ्याकडे येतं. एका मुठीएवढ्या वस्तूपायी.

मी दुरुस्ती सोडली ती साधारण याच सुमारास. लोकांना "होणार नाही" सांगायचा कंटाळा आला होता. माझ्याकडे ऐकून घेणारे कमी आणि संशयाने बघणारे जास्त होते. त्यांना वाटायचं, याला जमत नाही म्हणून सांगतोय.

वितळवून जोडण्यामागे तुमची कारणं असतील. बोल्ट कमी, वेळ कमी, गळती कमी. ती मी खोडत नाही. पण मग युरोपातल्या नियमांकडेही बघा. मार्च 2021 पासून तिथे वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान 10 वर्षं मिळाले पाहिजेत, फ्रिजच्या दाराची गॅसकेटही 10 वर्षं आणि थर्मोस्टॅटसारखे भाग 7 वर्षं. हे भाग साध्या हत्यारांनी, यंत्राला कायमची इजा न करता बदलता आले पाहिजेत, असंही नियम सांगतो. फ्रान्सने त्याच वर्षी काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापायला लावले, त्यात पुढून दाराची वॉशिंग मशीनही आली. म्हणजे तुमच्यातल्याच काही जणांनी तिथल्या बाजारासाठी हे करून दाखवलं आहे. एका बाजारासाठी जमतं ते दुसऱ्यासाठी जमत नाही, हे मला पटत नाही. पडदा तोच, माउस तोच.

स्पायडरचं नाव काढलंच आहे तर तेही बोलून टाकतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा आणि त्याला मागून धरणारा तीन हातांचा स्पायडर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दोन वेगळे धातू, मध्ये साबणाचं पाणी. ॲल्युमिनियम झिजणारच, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मी काढलेले काही स्पायडर बिस्किटासारखे मोडतात. त्यावर चांगला लेप दिलेलेही पाहिले आहेत, ते तुलनेने शाबूत निघतात. म्हणजे उपाय माहीत आहे. तो कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे कोण ठरवतं, याची मला फार उत्सुकता आहे.

आता धातूंबद्दल, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की धातू म्हणजे सोपं, चुंबक लावला की झालं. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड होतं, हे खरं. भंगारातल्या ॲल्युमिनियमपासून पुन्हा ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या मानाने जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते, हेही खरं. पण लोखंडात तांबं मिसळलं की ते भट्टीतून बाहेर काढता येत नाही. ते साचत जातं आणि तापलेलं पोलाद लाटताना त्याला तडे जातात. हे तांबं येतं कुठून? मोटरच्या गुंडाळीतून आणि वायरींमधून. मोटर दळण्याआधी हाताने काढून घेतली तर तांबं तांब्यात आणि लोखंड लोखंडात जातं. पण मोटर काढायला वीस मिनिटं लागत असतील तर कुणी काढत नाही, ती यंत्राबरोबर दळली जाते. दोन बोल्टांवर बसवलेली, मागचं झाकण काढताच हाताला येणारी मोटर आणि सहा वळणं घेऊन गाठावी लागणारी मोटर, यांत फरक पडतो तो पुढे भट्टीत दिसतो. जिथे दळायचं यंत्रही नाही तिथे वायरी जाळून तांबं काढतात. वरचं पीव्हीसी जळतं, तांबं त्या ज्वलनाला मदतच करतं आणि डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. धुराजवळ उभा असतो तो माणूस तुमच्या आराखड्यात कुठेच नसतो.

प्लास्टिकवर फार लिहीत नाही. एकच सांगतो. साधं पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, म्हणून वेगळं काढता येतं. तुम्ही टबासाठी त्यात खडूची पूड किंवा काचेचे तंतू भरपूर मिसळता, मग ते बुडतं आणि भलत्याच ढिगात जातं. रंगासाठी कार्बनची काजळी घालता, तर प्लास्टिक ओळखणाऱ्या प्रकाशाच्या यंत्राला ते दिसतच नाही. काळं प्लास्टिक आमच्याकडे आंधळ्या कोशिंबिरीसारखं असतं. यंत्राच्या आतला, कुणालाही न दिसणारा भाग काळाच का हवा, हे एकदा कुणीतरी मला समजावून सांगावं.

आणि कपडे वाळवायचा ड्रायर. हीट पंपवर चालणाऱ्या ड्रायरमध्ये फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर आणि वायू असतो. बाहेरून तो वॉशिंग मशीनचा जुळा भाऊ दिसतो. त्यामुळे गोळा करणारे त्याला बिनवायूच्या ढिगात टाकतात आणि तो थेट दळला जातो. पुढच्या बाजूला, नजरेच्या उंचीवर, एक खूण एवढंच मागणं आहे. खूण कुठलीही ठरवा, फक्त सगळ्यांनी मिळून एकच ठरवा.

हे वाचून तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, अहो, उत्पादकाची जबाबदारी आम्ही पाळतोच की. दरवर्षी ठरलेल्या टनांचा हिशेब देतो. माहीत आहे. उत्पादकाची जबाबदारी विक्रीनंतरही संपत नाही, ही कल्पना 1990 मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडली तेव्हा तिचा गाभाच असा होता की टाकण्याचा खर्च उत्पादकावर आला की तो आराखडा सुधारेल. नंतर ती नुसती टनांच्या हिशेबावर आली. आणि टनांमध्ये एक गंमत आहे. वॉशिंग मशीन थरथरू नये म्हणून तुम्ही तिच्यात काँक्रीटचे वजनदार ठोकळे घालता. ते फोडून भरावात टाकले तरी यंत्राच्या वजनाचा मोठा हिस्सा कागदावर 'मार्गी' लावता येतो. फ्रिजमधला शंभर-दीडशे ग्रॅम वायू मात्र वजनकाट्यावर नगण्य. सगळा हवेत सोडला तरी टक्केवारीचा एक आकडाही हलत नाही. ज्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, तेच हिशेबात सगळ्यात हलकं. 2022 मध्ये जगभरात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. या 22.3 टक्क्यांतसुद्धा वायू किती पकडला गेला, हे टनांवरून कळत नाही.

जपानमध्ये 2001 पासून लागू असलेला कायदा मला याबाबतीत शहाणपणाचा वाटतो. एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन ही यंत्रं उत्पादकांनीच परत घ्यायची आणि त्यांच्यावर प्रक्रिया करायची, टाकणाऱ्याने त्यासाठी शुल्क भरायचं. टाकतानाच पैसे मागितले की काही लोक रात्री गुपचूप कुठेतरी सोडून देणार, हा त्यातला दोष आहे आणि तो मला मोठा वाटतो. शुल्क विकतानाच किमतीत धरलेलं बरं. पण त्या व्यवस्थेत यंत्र तोडणारा आणि यंत्र आखणारा एका छपराखाली नाही तरी एका घरात येतात. माझ्यासारखा माणूस वरच्या मजल्यावर जाऊन म्हणू शकतो, हा क्लिप तुटतो, ही नळी आखूड आहे. मला हे पत्र लिहावं लागतंय, कारण माझ्यासाठी तो जिना नाही.

म्हणून शेवटची मागणी. नवीन मॉडेलचा आराखडा मंजूर करण्याआधी त्याचा एक नमुना तोडून बघा. तुमच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटात नव्हे. जिथे यंत्रं खरोखर येतात तिथे, पंधरा वर्षं वापरल्यासारखा गंजवून, चिकट करून. घड्याळ लावा. वायू सुरक्षित बाहेर काढायला किती मिनिटं लागली, मोटर हातात यायला किती, कार्ड सुटं व्हायला किती, आणि किती जागी छिन्नी घ्यावी लागली, हे लिहून काढा. हा कागद खर्चाच्या, आवाजाच्या आणि विजेच्या कागदांबरोबर त्याच फायलीत लावा. छिन्नीच्या प्रत्येक जागेपुढे ती तिथे का लागली, हे आखणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. बस, एवढंच.

यायचं असेल तर माझ्या टेबलाशी जागा आहे. पाने, पेचकस, टोचायची पकड, वायू भरून घ्यायचा रिकामा सिलिंडर हे सगळं माझ्याकडे आहे. एसी असेल तर वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर आधी मी स्वतः मोकळा करून देईन, त्याला हात लावू नका. तुमचा आराखडा छापून आणलात तर उत्तम, कारण कुठला स्क्रू कुठे लपवला ते तुम्हालाच आठवेल. हातमोजे मात्र जाड आणा. मागच्या पत्र्याच्या कडा तुम्ही अजून वळवलेल्या नाहीत.

आपला,
यंत्रं सुटी करणारा एक माजी दुरुस्तीवाला